चार बरण्यांतली राख

दुपारी अडीच वाजता महारुद्र घरी आला तेव्हा मे महिन्यातल्या परभणीत रस्त्यावर फक्त ऊन होतं. जिंतूर रोडवरून आत कॉलनीत वळल्यापासून त्याला एक माणूस दिसला नाही. इस्त्रीवाल्या बजरंगच्या टपरीवरसुद्धा पोतं टाकलेलं. जिन्यातच त्याने रुमालाने मान पुसली, दार लोटलं, चपला काढल्या आणि सवयीने आधी मागच्या खोलीत डोकावला. मांडणीवरच्या चारही बरण्या राखाडी झाल्या होत्या. उन्हातून आल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते तसलं काहीतरी असेल म्हणून त्याने डोळे मिटले, मनात दहापर्यंत मोजलं आणि उघडले. बरण्या राखाडीच होत्या. सकाळी निघताना त्यांच्यात हिरवे मूग होते आणि मुगांवर तपकिरी भुंगेरे आपापल्या उद्योगात होते. आता 'गंगाखेड मादी' अशी चिठ्ठी लावलेल्या बरणीत एकच भुंगेरा, पिठाच्या गिरणीत दिवस काढून आल्यासारखा, काचेवर चढू बघत होता आणि घसरून पुन्हा मुगावर पडत होता. महारुद्रने त्याला तीनदा पडताना पाहिलं. मग स्वयंपाकघरातून सुमनबाईंचा, त्याच्या आईचा, आवाज आला.

"आलास का? त्या मुगाला किडं लागलं होतं बग. राख चोळून ठिवली म्या. उद्या सकाळी गच्चीवर उनात घालते, एकबी राहायचं न्हाई."

आवाजात काम हातावेगळं केल्याचं समाधान इतकं होतं की महारुद्र "बरं" म्हणाला. खरंच म्हणाला. सहा वर्षांचं काम डोळ्यांदेखत मरायला टाकलेलं असताना माणूस "बरं" म्हणतो, याचं त्याचं त्यालाच नंतर कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं.

तो विद्यापीठात कीटकशास्त्र शिकवायचा, आणि शिकवण्यातून उरलेला सगळा जीव या भुंगेऱ्यांत घालायचा. सहा वर्षांपूर्वी त्याने मानवतच्या एका आडत दुकानातून किडका मूग आणला होता, गंगाखेडच्या एका शेतकऱ्याकडून दुसरा, आणि तेव्हापासून ही दोन घराणी त्याने वेगवेगळी वाढवली होती. महिन्याला एक पिढी, म्हणजे साठच्या वर पिढ्या झाल्या. मानवतच्या पोरीला गंगाखेडचा पोरगा ओळखतो की नाही, ओळखत नसेल तर कशामुळे, असा एकूण विषय होता. अर्पिता नावाची त्याची विद्यार्थिनी याच विषयावर पीएचडी करत होती आणि पुढच्या आठवड्यात तिचा शेवटचा प्रयोग होता. त्यासाठी तिने कोशातून निघाल्या निघाल्या नर वेगळे आणि माद्या वेगळ्या काढल्या होत्या. जुना मूग नियमाप्रमाणे नष्ट झालेला. म्हणजे दोन्ही घराणी या घडीला अंड्यांत नव्हती, दाण्यांत नव्हती, फक्त या चार बरण्यांत चालतीबोलती होती, आणि भुंगेऱ्याचं चालतंबोलतं आयुष्य दहा-बारा दिवसांचं. नेमक्या याच दिवसांत विभागाच्या गळक्या स्लॅबवर डांबर ओतायला माणसं आली. डांबराचा धूर प्रयोगशाळेत उतरला असता तर भुंगेऱ्यांच्या अंगावर बसला असता, म्हणून महारुद्रने बरण्या मांडीवर घेऊन ऑटोने घरी आणल्या. राजेश्री, त्याची बायको, लेकीला घेऊन सुट्टीत माहेरी गेलेली. घरी एकटी आईच होती, मोतीबिंदू दाखवायला चार दिवसांसाठी गावाकडून आलेली. धोका डांबराचा आहे असं त्याला वाटलं होतं.

राख कुठून आली असेल, असाही एक प्रश्न त्याच्या मनात मध्येच येऊन गेला. गॅसच्या घरात चिमूटभर राख नसते. पण सुमनबाई चार दिवसांत खालच्या बजरंगला, त्याच्या बायकोला, कोपऱ्यावर भाकरी केंद्र चालवणाऱ्या शिवकन्याबाईला, दोन नंबरच्या फ्लॅटमधल्या निवृत्त तलाठ्याला अशा ओळखायला लागल्या होत्या जणू त्यांचं माहेरच या कॉलनीत होतं. महारुद्र सहा वर्षं इथे राहत होता आणि तलाठ्याचं नाव त्याला आईकडून कळलं. सकाळी त्याची स्कूटर वळली आणि आई शिवकन्याबाईच्या चुलीपाशी गेली असणार, राख फडक्यात बांधून आणली असणार, पदराच्या टोकाने चाळली असणार. हे सगळं तो न पाहता पाहू शकत होता, कारण त्याने ते लहानपणी इतक्यांदा पाहिलं होतं. गंगाखेडजवळच्या त्यांच्या घरात, मुगाची रास निघाली की आई बियाण्याचा मूग बाजूला काढायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून राख चाळायची, ती इतकी मऊ व्हायची की बोटांना लागत नसे, आणि मग दोन्ही हातांनी मूग आणि राख एकमेकांत फिरवत बसायची. तो समोर उकिडवा. पाच-सहा वर्षांचा असेल. राखेतून एक भुंगेरा बाहेर आला, चार पावलं चालला, थांबला. मग पुन्हा दोन पावलं. त्याला कोणी दाबलं नव्हतं, चिरडलं नव्हतं, औषध मारलं नव्हतं. "ह्याला काय झालं?" त्याने विचारलं होतं, आणि आई हात न थांबवता म्हणाली होती, वाळून चाललाय. जिवंत असताना कोणी वाळून कसं जाईल, हे त्याला कळेना. त्याने भुंगेऱ्यावर थुंकी टाकली. भुंगेरा त्या थुंकीत बुडून मेला आणि महारुद्र रात्री जेवला नाही, असं आई अजून पाहुण्यांना सांगते.

त्या 'वाळून चाललाय'चं उत्तर त्याला वीस वर्षांनी दिल्लीत मिळालं. किड्याच्या अंगावर मेण असतं. केसाच्या शंभराव्या हिश्शाहून पातळ. एवढ्याशा देहात पाणी असून असून किती असणार. ते मेण आत कोंडून धरतं म्हणून बरं, नाहीतर आपल्या उन्हात बिचाऱ्याचा तासाभरात पापड झाला असता. राख हे मेण खरवडते, थोडं पिऊन टाकते, आणि किडा आपल्याच अंगातून उडून जातो. दिल्लीच्या सूक्ष्मदर्शकाखाली ते ओरखडे त्याने पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्याला त्यांत आईचे हात दिसले होते. पण गंमत पुढेच होती. हेच मेण किड्याची ओळखही असतं. मुगाच्या ढिगात काळोख. नराला मादी दिसायचा प्रश्नच नाही. तो मिशांनी तिच्या पाठीला चाचपतो आणि त्या मेणावरून त्याला कळतं की ही मादी आहे, आणि आपल्यातली आहे. रेनकोटावरच नाव, गाव, आडनाव लिहिलेलं असावं, तशातला प्रकार. रेनकोट गेला की माणूस भिजतोही आणि अनोळखीही होतो. महारुद्रला हे इतकं सुंदर वाटलं होतं की दोन दिवस तो मेसमध्ये कोणाशी नीट बोलला नाही. आणि याच दिल्लीत, त्याच्या आधी वर्षभर, प्रवेशाच्या मुलाखतीत तिघांपैकी एकाने सहज विचारलं होतं, या विषयाकडे कसे वळलात. महारुद्रच्या तोंडापर्यंत राख आली होती. त्याने ती गिळली. एका परदेशी नियतकालिकात लेख वाचला होता, असं तो इंग्रजीत म्हणाला, आणि समोरच्यांनी माना डोलावल्या. तो लेख त्याने खरं म्हणजे मुलाखतीच्या आदल्या दिवशी वाचला होता.

त्या खोट्याचा काही त्रास व्हावा असं पुढे काही घडलं नाही. उलट सगळं नीट घडलं, आणि तेच त्याला अधूनमधून टोचायचं. भाषा धुतली गेली, 'हाय'चं 'आहे' झालं, आणि घरी फोनवर बोलताना तो कोणती भाषा बोलतो याकडे शेजारचा कान देतोय का, हे तो बघायला शिकला. आईला त्याने आपलं काम कधी सांगितलंच नाही. विद्यापीठात किड्यांवर काम करतो, एवढं म्हटल्यावर तिने तिच्या परीने त्याचा अर्थ लावला: माझा पोरगा किडे मारायचं औषध काढायलाय. गावभर हेच सांगितलं. बापानेही, बन्सीधररावांनी, म्हशीपाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हेच सांगितलं. परवा बजरंगने महारुद्रला अदबीने विचारलं होतं की साहेब, घरात झुरळं लय झालीत, तुमचं ते औषध जरा मिळंल का. महारुद्र हसला होता आणि हो म्हणाला होता. एवढी वर्षं किडे मारणारा म्हणून मिरवल्यावर आज आईला काय तोंडाने सांगायचं, की बाई, मी ते पाळतो. तुझ्या नातीपेक्षा जास्त वेळ त्यांच्याजवळ बसतो.

बरण्यांसमोर उभं राहून हे सगळं त्याच्या डोक्यातून गेलं, आणि तेवढ्या वेळात तो पांढुरका भुंगेरा चौथ्यांदा पडला. मग त्याला भलतीच शंका आली. आईने राख चोळताना चारही बरण्या एका परातीत ओतल्या असतील, आणि मग अंदाजाने परत भरल्या असतील. तसं असेल तर वाचवायलाही काही उरलं नव्हतं, घराणीच मिसळली. तो स्वयंपाकघराच्या दारात गेला. सुमनबाई फरशीवर पाय पसरून कैरी किसत बसल्या होत्या. त्याने विचारलं, मूग सगळा एकत्र केला होता का. त्यांनी किसणी थांबवली आणि त्याच्याकडे असं पाहिलं, जणू शिक्षण माणसाचं वाटोळं करतं ते हे असं.

"बी कोण मिसळतंय?" त्या म्हणाल्या. "एक बरणी झाली की हात धुतले, मंग दुसरी. चिठ्ठी वाचता येत न्हाई मला, पण चिठ्ठी चिटकवली म्हंजे येगळं हाय एवढं कळतंय की."

महारुद्र दाराच्या चौकटीला टेकला. त्याला हसू आलं. प्रयोगशाळेतल्या सहायकाला ही गोष्ट समजावायला त्याला दोन वर्षं लागली होती. ज्या जागी आता काहीही बोललं असतं तरी चाललं असतं, त्या जागी तो खरं बोलून गेला. हे मारायचे नव्हते, असं म्हणाला. हे मी पाळलेत, सहा वर्षं झाली, आणि हे गेले तर अर्पिता नावाच्या एका पोरीची पीएचडी जाईल आणि माझंही बरंच काही. सुमनबाईंचा किस हातातच राहिला. त्यांना खुलासा पुरता झाला नसावा, कारण त्यांनी विचारलं, किडेच लागत असतील तर आपल्या गावात पोतंभर मिळतील, बापाला फोन करू का. महारुद्र म्हणाला, ते ओळखीचे नाहीत. हे उत्तर शास्त्रीय नव्हतं, पण सुमनबाईंना ते लगेच पटलं. त्या उठल्या, हात धुतले आणि पदर खोचला. "मंग बसलास काय," एवढंच म्हणाल्या. चुकलं का माझं, असं त्यांनी विचारलं नाही, आणि त्याबद्दल महारुद्रला त्यांचे उपकारच वाटले.

राखेतून भुंगेरे काढायला त्याच्याकडे नाजूक कुंचले होते. एकेक किडा उचलायचा, झटकायचा, डबीत ठेवायचा. तीन किड्यांना त्याला दहा मिनिटं लागली. सुमनबाईंनी थोडा वेळ हे पाहिलं, मग स्टीलचं मोठं ताट घेतलं, त्यात 'मानवत नर' ओतलं आणि पाखडायला लागल्या. सूप नव्हतं, ताटाला सुपाचा कान नसतो, तरी त्यांचं मनगट असं काही फिरलं की राख एका अंगाला जाऊन पडली, मूग दुसऱ्या अंगाला, आणि मधल्या रिकाम्या जागेत भुंगेरे, पाय आखडून, मेल्याचं सोंग घेऊन. "मेलेत," त्या हळूच म्हणाल्या. मेले नाहीत, असं तो म्हणेपर्यंत एकाने पाय सोडले आणि चालायला लागला. सुमनबाई एकदम हसल्या. लबाड हायेत, असं म्हणून दुसरी बरणी पुढे ओढली. संध्याकाळी पाचपर्यंत चारही बरण्या निवडून झाल्या. दोनशे साठ होते, त्यांतले एकशे अठ्ठ्याऐंशी हलत होते. राख गेली, पण मेणही गेलं होतं, आणि बाहेर वारा भट्टीसारखा. अंगातलं पाणी कोंडून धरायला या जिवांकडे काही नव्हतं. त्यांचं मेण पुन्हा तयार होईपर्यंत हवेनेच त्यांना ओलं ठेवायला हवं होतं, आणि परभणीत मे महिन्यात ओली हवा एकाच यंत्रातून मिळते. हॉलमधला वाळ्याचा कूलर महारुद्रने ढकलत मागच्या खोलीत आणला, खिडक्या लावल्या, डब्यांवर ओलं मलमल ताणलं आणि बटण दाबलं. सुमनबाईंना कूलरचा भारी तिटकारा. त्या वाऱ्याने सांधे धरतात म्हणून आल्यापासून त्या गच्चीच्या जिन्यात बसत होत्या. आता त्यांनी डोक्याला फडकं बांधलं आणि बादलीने त्याची टाकी भरायचं काम स्वतःकडे घेतलं. नळ नेमका दुसऱ्या दिवशी यायचा होता, तेव्हा दोन नंबरच्या तलाठ्याकडून चार घागरी आल्या. काय सांगून आणल्या, ते महारुद्रने विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, सकाळी अर्पिता आली. फोनवरच रडून झालं होतं, त्यामुळे चेहरा सुजलेला आणि डोकं थाऱ्यावर. सोबत तिने घडीचा सूक्ष्मदर्शक आणला होता. आईंना काय बोलावं ते तिला कळत नव्हतं आणि आईंना तिच्याशी काय बोलावं ते कळत नव्हतं. शेवटी सुमनबाईंनी तिला कैरीचं पन्हं दिलं आणि तुझ्या गावाकडं मुगाला काय लावतात असं विचारलं. अर्पिता म्हणाली, गोळ्या. त्यावर सुमनबाईंनी तोंड वाकडं केलं आणि दोघींचं जमलं. मग तिघांनी मिळून एक मानवतचा नर आणि एक मानवतची मादी काचेच्या वाटीत सोडली. नर फिरत फिरत मादीपाशी आला, मिशा तिच्या पाठीला लावल्या, आणि तिच्या अंगावरून, वाटेत दगड लागावा तसा, चढून पलीकडे निघून गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. दुसरी जोडी, तिसरी जोडी. अर्पिता रजिस्टरात शून्यं लिहीत होती. महारुद्रने आईला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा त्यातल्या त्यात बरा. तो बरा डोळा लावून त्या बराच वेळ बसल्या.

"वळखंना गेलाय की रे," त्या म्हणाल्या.

मग, डोळा न काढता, त्यांनी एक गोष्ट सांगितली. लग्न होऊन आल्या तेव्हा घरची म्हैस त्यांना पान्हा सोडेना. आंबोण दिलं, चुचकारलं, काही उपयोग नाही. सासू कासेला बसली की धारा, सून बसली की लाथ. आठ दिवसांनी सासूने आपलं अंगावरचं न धुतलेलं लुगडं काढून दिलं, म्हणाली, हे नेसून बस. म्हशीने एकदा हुंगलं आणि पान्हा सोडला. पुढे किती दिवस त्या सासूचं लुगडं नेसून धारा काढत होत्या, आणि एक दिवस घाईत आपल्याच लुगड्यात बसल्या तर म्हशीला फरक कळला नाही. "तवा कळलं मला," सुमनबाई म्हणाल्या, "की मी ह्या घरची झाले. अन् लय रडले." अर्पिताचं पेन थांबलं होतं. महारुद्रला चाळीस वर्षांत ही गोष्ट आईने सांगितली नव्हती; किंवा सांगितली असेल, तो दुसरीकडे बघत असेल. आपल्या अंगावरचं ते लुगडं आपण कोणत्या स्टेशनवर सोडलं, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला, आणि त्या विचाराची त्याला थोडी लाजही वाटली, कारण समोर खरे, वाळत चाललेले जीव होते.

मंगळवार तसाच गेला. बुधवारी आणखी तेवीस मेले. उरलेले चालत होते, मुगावर बसत होते, पण जोडी सोडली की दगड. अर्पिताने शून्यांनी अडीच पानं भरली. भुंगेऱ्याच्या आयुष्यातले तीन दिवस गेले म्हणजे माणसाची पंधरा-वीस वर्षं गेली. आणखी चार-पाच दिवस ओळख पटली नाही तर अंडी घालायचं वयच निघून जाणार होतं आणि साठ पिढ्यांची ही दोन घराणी, शेजारी शेजारी बसून, एकमेकांना न ओळखता संपणार होती. कूलर घरघरत होता. सगळं घर वाळ्याच्या वासाने भरलेलं, भिंती ओलसर, रजिस्टरची पानं मऊ पडलेली. महारुद्र दर तासाने डब्यांपाशी जायचा आणि काही न करता परत यायचा. त्याला एक चमत्कारिक गोष्ट जाणवत होती, की त्याला वाईट वाटत असूनही मजा येत होती. आई शेजारी बसून बादलीभर पाणी ओतत होती, नळ आला की आरडाओरडा करत होती, दुपारी बजरंग दार वाजवून "साहेब, किडे कसे हायेत" असं विचारून जात होता, शिवकन्याबाईने दोन वेळची भाकरी पाठवली होती. कॉलनीत त्याच्या घरी इतकी वर्दळ कधी झालीच नव्हती. आपण इतकी वर्षं कोरडे कशाला राहिलो, असं काहीतरी त्याला वाटलं, आणि लगेच आईने हाक मारली म्हणून ते तिथेच राहिलं.

गुरुवारी सकाळी साडेनऊला, गंगाखेडच्या वाटीत, नर मादीपाशी आला. मिशा लावल्या. पुढे निघाला. अर्पिताने शून्य लिहायला पेन टेकवलं. नर थांबला. मागे वळला, पुन्हा मिशा लावल्या, या वेळी पाठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग सूक्ष्मदर्शकाशिवायही दिसलं की तो तिला सोडून जायला तयार नाही. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला आणि खिडकीकडे बघायला लागल्या, कारण काही गोष्टी लेकाच्या आणि परक्या पोरीच्या समोर बघायच्या नसतात. दुपारपर्यंत गंगाखेडच्या वीस जोड्यांपैकी तेरा जमल्या, मानवतच्या वीसपैकी अकरा. गंगाखेडच्या नराला मानवतची मादी दिली तर पुन्हा दगड. म्हणजे ओळख पटली होती ती नुसती बाईची नव्हे, आपल्या घरच्या बाईची. अर्पिताला तिच्या प्रयोगात जे दाखवायचं होतं, ते आधी पुसून आणि मग परत उमटून दाखवलं गेलं होतं. इतका चांगला प्रयोग योजायची दोघांपैकी कोणाची छाती झाली नसती. ती उड्या मारायचीच बाकी होती. सुमनबाईंच्या पाया पडली, आणि संध्याकाळच्या एसटीने घरी सांगायला मानवतला गेली.

ती गेल्यावर घर शांत झालं. सुमनबाई मांडणीखालच्या फरशीवर ओल्या फडक्याने राखेचे डाग पुसत होत्या. महारुद्र त्यांच्याशेजारी खाली बसला आणि, कोणी न विचारता, दिल्लीची ती मुलाखत सांगितली. प्रश्न काय विचारला, तोंडापर्यंत काय आलं होतं आणि तो काय बोलला. सुमनबाईंनी फडकं पिळलं.

"बरंच केलंस. राखेचं नाव काढलं असतंस तर घेतलं असतं का त्यांनी तुला?"

"घेतलं असतं, आई," तो म्हणाला. "त्यांना आवडलंच असतं. मलाच लाज वाटली."

त्यांनी पुन्हा पुसायला घेतलं. फडकं फरशीवर फिरत होतं, एकाच जागी. त्यांना लागलं असेल, असं त्याला वाटलं, आणि लागलं होतंच. पण सुमनबाई लागलेलं हातात धरून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"मंग तवाबी इचारायचं राहिलं," त्या म्हणाल्या, "अन् आताबी राहिलंच."

"काय राहिलं?"

"राख कशाची व्हती."

महारुद्रला कळेना. राख म्हणजे राख. दिल्लीपासून आतापर्यंत त्याने राखेवर अकरा निबंध लिहिले होते आणि सगळ्यांत 'लाकडाची राख' असे दोन शब्द होते, कुठे कुठे प्रमाणही दिलेलं, दर किलोला किती. सुमनबाईंनी फडकं बादलीत टाकलं आणि त्याच्याकडे वळल्या. शिवकन्याबाई फर्निचरच्या दुकानातला प्लायचा उरलासुरला तुकडा जाळते, त्या म्हणाल्या. त्या राखेत अर्धा डिंक. चिमटीत घेतली तेव्हाच त्यांना कळलं होतं की ही बसणार नाही, चिकटते आणि गोळा होते. पण या कॉलनीत दुसरी चूल नाही, म्हणून आणली.

"ही राख कच्ची व्हती म्हणून जगलेत तुजे किडे. पळाटीची असती, तर तुजा कूलर काय करणार व्हता?"

तीन दिवस तो समजत होता की हवेतल्या ओलाव्याने किडे वाचवले. अर्पिता तसंच लिहिणार होती. कापसाच्या वाळक्या पळाट्यांची राख वेगळी, तुरीच्या काड्यांची वेगळी, हे त्याच्या आईला ठाऊक होतं, तिच्या सासूला ठाऊक असणार, जिल्ह्यातल्या कित्येक बायकांना ठाऊक असणार. आणि वीस वर्षं राखेचा अभ्यास करणाऱ्या माणसाने एकीलाही विचारलं नव्हतं. त्याला वाईट वाटायला हवं होतं. पण त्याच्या अंगात जे भरून आलं तो सरळ सरळ आनंद होता, लहानपणी उकिडवा बसायचा तेव्हाचा. त्याने अर्पिताचं रजिस्टर ओढलं, शून्यांची पानं उलटली आणि कोरं पान काढलं.

"सांग," तो म्हणाला.

"पैली पळाटी," सुमनबाई म्हणाल्या. त्यांनी मांडी नीट घातली, तो लिहितोय का ते पाहिलं आणि पुढे बोलल्या. "दुसरी तुराटी. ती नसली तर लिंबाची. बाभळीची घ्यायचीच न्हाई."

"का?"

"ते मला ठाव न्हाई. लागत न्हाई एवढं ठाव हाय." त्या त्याच्याकडे बघून हसल्या. "का न्हाई लागत ते तू बग. येवढं शिकलास कशाला मंग?"

त्याने बाभळीपुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि खालच्या ओळीवर, आई म्हणाली तसं, गोवरी लिहिलं.